काढून टाकलेल्यांची बेकरी

माझ्या बेकरीतून मी आजवर ज्यांना ज्यांना काढून टाकलं, ते सगळे अजून माझ्याकडेच कामाला आहेत. आमच्या घानात, एफिदुआसेच्या बाजारात कुणालाही विचारा, बिरागोबाईंच्या साखरपावाइतकाच बिरागोबाईंचा राग प्रसिद्ध आहे. पीठ मळणारा कुमी मीठ जास्त टाकतो, मी त्याला काढते. डोक्यावर पाट्या घेऊन पाव विकायला निघालेल्या पोरी ट्रोट्रो गाड्यांच्या थांब्यावर ड्रायव्हरांशी गप्पा छाटत बसतात, मी त्यांना काढते. भट्टीवरच्या दापाला तर इतक्या वेळा काढलंय की एकदा मी 'चालता हो' म्हणायच्या आतच त्याने खुंटीवरची टोपी उचलली होती.

पण आमच्याकडे काढलेला माणूस घरी हात चोळत बसत नाही. तो एखाद्या वडीलधाऱ्याकडे जातो. मामा, घरमालक, चर्चमधले कुणी जाणते, कुणीही चालतं, फक्त माणूस असा हवा की त्याला माझ्याने नाही म्हणवणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडीलधारा पुढे आणि गुन्हेगार मान खाली घालून मागे, असे दोघे माझ्या अंगणात येतात. मी पाणी देते, येण्याचं कारण विचारते, जणू मला काही ठाऊकच नाही. वडीलधारा मान द्यायला खांद्यावरचं कापड खाली घेतो, चपला काढतो आणि रदबदली करतो. मी थोडी फुगते, थोडं सुनावते, आणि ऊन चढायच्या आत माणूस परत कामाला लागतो. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि मला वाटत होतं, छान चाललंय.

मग डुफी आली.

डुफी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, आणि माय मरो पण मावशी जगो म्हणतात त्याप्रमाणे मी जगले आणि तिला वाढवलं. पोर हुशार निघाली. कुमासीला विद्यापीठात गेली आणि मनुष्यबळ व्यवस्थापन आणि व्यवसाय व्यवस्थापन असं दोन्ही घेऊन बसली. सुट्टीत घरी आली की मला शिकवायची. माणसं हे धंद्याचं सगळ्यात मोठं भांडवल असतं, असं तिच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. माझ्या मते माणसं ही सगळ्यात मोठी डोकेदुखी असते, पण मी पडले अडाणी.

शेवटच्या वर्षाला त्यांना आठ आठवडे कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागतं. शेवटी प्राध्यापक स्वतः येऊन बघतात आणि मार्क देतात. ते काम अपुरं राहिलं तर पदवी नाही, सगळं वर्ष पुन्हा. डुफीने बँकांना लिहिलं, सोन्याच्या खाणीला लिहिलं, फोनच्या कंपनीला लिहिलं. एका ठिकाणाहून उत्तर आलं की उत्तर पाठवण्यात येईल. तिच्या वर्गातल्या बाकीच्या पोरांना ज्याच्या त्याच्या मामाने कुठे ना कुठे चिकटवलं होतं. माणसांची निवड शास्त्रशुद्ध कशी करावी, यात पहिली आलेली पोरगी मामा नाही म्हणून घरी बसली.

"मामा नसला म्हणून काय झालं? मावशी आहे ना," मी म्हटलं. "ये माझ्याकडे."

ती आली ती टेबल घेऊनच. पिठाच्या पोत्यांमध्ये टेबल मांडलं, समोर एक खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "आजपासून मी इथली मनुष्यबळ अधिकारी. मावशी, गेल्या वर्षी तू किती जणांना काढलंस?"

मी आठवून आठवून सांगितलं. ती लिहीत राहिली. कागद पुरेना.

"आणि त्यातले गेले किती?"

"गेले कशाला? हे काय समोर पीठ मळतायत."

तिने आकडेमोड केली आणि आपल्या प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, पोरी, तुझं गणित चुकतंय, एका वर्षात अख्खी बेकरी तीनदा रिकामी होऊन तीनदा भरत नसते. डुफीने फोन ठेवला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी उंदीर मारायचं औषध पिठात घातलंय.

"मावशी, याला पद्धत म्हणत नाहीत."

"मग कशाला म्हणतात?"

"याला नाव नाही. म्हणूनच तर पंचाईत आहे. सर आले की मी त्यांना काय दाखवू?" मग माझा हात धरून लाडात आली. "आठ आठवडे माझ्या पद्धतीने चालव. फक्त आठ. शपथ घे."

घेतली. लाडक्या पोरीपुढे माझं डोकं चालत नाही.

तिची पद्धत अशी: चूक झाली की पहिल्यांदा तोंडी समज. दुसऱ्यांदा लेखी. तिसऱ्यांदा सुनावणी, आणि मग जो निर्णय होईल तो कायमचा. ज्याला निर्णय पटला नाही त्याने स्वतः मनुष्यबळ अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करायचा. पहिल्या दिवशी कुमीने पाण्याचा अंदाज चुकवला आणि मी सवयीने तोंड सोडलं. त्याने पिठाचे हात वर धरून शांतपणे विचारलं, "मॅडम, ही समज आहे की शिवी?"

"दोन्ही."

"डुफीताई, मग फक्त समज तेवढी लिहून घ्या. शिवी जुन्या खात्यावर."

सगळे फिदीफिदी हसले. पण खोटं कशाला बोलू, पोरीने काही कामं चांगली केली. प्रत्येकाला खुर्चीत बसवून, हातात चहा देऊन ती विचारायची, तुम्हाला काय अडचण आहे. पाट्यावाल्या पोरींना भर दुपारी तासभर सावली मिळायला लागली, आणि विक्री कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मी उगाच म्हटलं की सण जवळ आलाय म्हणून.

मग दापाचं प्रकरण निघालं.

दापा माझ्याहून वयाने मोठा. भट्टीपुढे उभा राहून राहून त्याच्या भुवया कधीच जळून गेल्या आहेत, त्यामुळे तो कायम चकित दिसतो. त्याचा दोष एकच, ढोल. शनिवार म्हणजे आमच्याकडे अंत्यविधींचा दिवस, आणि पंचक्रोशीत कुणी गेलं की दापाच्या ढोलाशिवाय माणसाला मातीत गेल्यासारखं वाटत नाही. तो भट्टी कुमीच्या हवाली करून गुपचूप पसार होतो. कुमी पाव जाळतो. डुफीच्या राज्यात हे तीन शनिवार झालं. पहिल्या शनिवारी समज, दुसऱ्या शनिवारी लेखी, तिसऱ्यानंतर सुनावणी.

तिने त्याला खुर्चीत बसवलं. "दापाकाका, तुमचं म्हणणं काय आहे?"

दापा खूप वेळ खुर्चीचे हातच चाचपत बसला. मग म्हणाला, "म्हणणं काय असणार? लोक बोलावतात, मी जातो."

"गुरुवारी सांगून ठेवलंत तर आपण भट्टीवर दुसरं कुणी लावू शकतो."

"सांगितलं तर मॅडम काढतात. न सांगता गेलो तरी काढतात. मग न सांगता गेलेलं बरं, निदान ढोल तरी वाजतो."

बोलणं खरं होतं, पण नियमात बसत नव्हतं. डुफीने काढल्याचा निर्णय वाचून दाखवला. दापाने टोपी घातली, सगळ्यांना रामराम केल्यासारखी मान हलवली आणि निघून गेला. मी फारसं मनावर घेतलं नाही. म्हटलं, उद्या येईलच कुणाला तरी घेऊन.

आलाच. बोआतेंग मास्तरांना घेऊन आला. अर्ध्या गावाला ज्यांनी अक्षरं शिकवली ते हे म्हातारे मास्तर, चांगलं ठेवणीतलं कापड पांघरून माझ्या फाटकाशी उभे. मी पाण्याचा पेला घेऊन पुढे झाले, तेवढ्यात डुफी माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आजोबा, माफ करा. अर्ज लेखी लागतो, आणि ज्याचा त्यानेच करायचा असतो. दुसऱ्या कुणी त्याच्या वतीने बोलायचं नाही."

मास्तरांनी एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पेला होता आणि गळ्यात शपथ. मी खाली बघितलं. मास्तरांनी चप्पल परत घातली, आणि पाण्याला न शिवता दोघे माघारी वळले. आमच्याकडे रदबदलीला आलेला म्हातारा कोरड्या तोंडाने परत गेला, की ती बातमी त्याच्या आधी बाजारात पोचते.

दापाने अर्ज केला नाही. करणार कसा? आपल्याच तोंडाने आपली रदबदली करायची म्हणजे आपल्याच लग्नात आपणच आहेर आणण्यासारखं झालं. डुफी रोज टेबलावरची अर्जाची पेटी उघडून बघायची आणि परत बंद करायची. भट्टीवर रोजंदारीवर नवा माणूस आला. पाव चांगला होत होता, हीच तर चीड. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मला भांडायला माणूस उरला नव्हता.

आठवा आठवडा आला. शुक्रवारी प्राध्यापक येणार होते. गुरुवारी सकाळी, पाट्या भरायची गडबड चाललेली असताना, डुफीने मला खुर्ची दाखवली.

"मावशी, बस."

"मी? मी कशाला?"

"वरिष्ठांचंही मूल्यमापन असतं. हाताखालच्या माणसांना विचारून करायचं. सरांना हेच आधी बघायचं असतं." तिने माझ्या हातात चहा दिला. पाट्यावाल्या पोरींचे हात एकदम हळू चालायला लागले.

सुरुवात तिने गोड केली. मालकीण पगार वेळेवर देते. कुणी आजारी पडलं तर घरी जेवण पाठवते. वजनात मारत नाही. मी पोत्यासारखी फुगत चालले होते. मग ती म्हणाली, "सुधारणेला वाव. राग. उद्या आपल्याला काम आहे की नाही, हे इथे कुणालाच ठाऊक नसतं."

"कोण म्हणालं असं?"

"नावं सांगायची नसतात."

मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी पिठाकडे पाहिलं.

"म्हणून मावशी," पोरगी अगदी अदबीने म्हणाली, "ही तुला पहिली तोंडी समज."

चहा सांडला की मी फेकला, ते आता आठवत नाही. "आणि ही तुला शेवटची," मी म्हटलं. "माझ्याच अंगणात, माझ्याच पोरींसमोर मला समज देतेस? चालती हो. तुला काढलं."

कुणी हसलं नाही. डुफीचा चेहरा उतरला. "मावशी, आज काढलंस तर काम अपुरं राहील. वर्ष जाईल माझं."

"जाऊ दे."

"मग मला अर्ज करता येतो."

"कर की. कुणाकडे करायचा असतो?"

"मनुष्यबळ अधिकाऱ्याकडे."

"तो कोण?"

तिने क्षणभर विचार केला. "मीच."

"मग कर स्वतःलाच," मी म्हटलं. तिकडे कुमीला खोकला आला, पण माझी नजर पडताच तो बरा झाला.

ती पिशवी उचलून गेली. ती कोपऱ्यावर वळायच्या आतच मला वाईट वाटायला लागलं होतं, हे उघड सांगते. मीच वाढवलेली पोर, आणि तिचं वर्ष मी एका चहाच्या कपाएवढ्या रागात बुडवलं होतं. पण 'जा' म्हणालेल्या तोंडाने 'ये' म्हणता येत नाही. त्यासाठीच तर मध्ये वडीलधारा लागतो. मी दिवसभर फाटकाकडे कान लावून बसले. पाद्रीबाबांना आणेल, नाहीतर घरमालकिणीला. कुणीही आलं असतं तरी मी पहिल्या वाक्यालाच विरघळले असते. कुणी आलं नाही. नंतर कळलं, ती आधी बोआतेंग मास्तरांकडेच गेली होती. त्यांनी आतूनच सांगितलं, "लेखी कळव." पाद्रीबाबांना काम होतं, घरमालकिणीचा गुडघा दुखत होता. ज्या पोरीने रदबदलीला दार लावलं, तिच्यासाठी रदबदलीला कोण येणार?

शुक्रवारी सकाळी प्राध्यापक आले. डॉक्टर बेदियाको. उकाड्यात कोट, टाय, चकचकीत बूट आणि काखेत फाइल. मी बसवलं, पाणी दिलं, येण्याचं कारण विचारलं.

"तुमच्याकडे आमची विद्यार्थिनी काम करते. तिचं काम बघायला आलोय."

"तिला काढलं."

त्यांनी पेला खाली ठेवला. "कधी?"

"काल."

"कोणत्या पद्धतीने?"

"तोंडाने."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, ती माझी चांगली विद्यार्थिनी आहे. पण नियम आहे. शेवटच्या दिवशी ती कामावर नसेल, तर मला अपूर्ण असंच लिहावं लागेल." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांना जेवायला थांबवावं, पाव दाखवावेत, काय करावं, काही सुचेना.

तेवढ्यात फाटक वाजलं. पुढे दापा, अंगावर ठेवणीतलं कापड, डोक्यावर टोपी नाही. मागे डुफी, मान खाली, हातात माफी मागताना रीतीप्रमाणे द्यायची जिनची बाटली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"दापा, तुला काढलंय ना," मी म्हटलं.

"म्हणून तर आलो, मॅडम. कामावर असतो तर मध्ये कसा पडलो असतो?"

डॉक्टर डुफीकडे झुकून हळूच म्हणाले, "हे कोण?"

"सर, यांना मी कामावरून कमी केलं होतं."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि नीट सावरून बसले.

मी पाणी दिलं. या वेळी दापाने पेला तळापर्यंत रिकामा केला. मी येण्याचं कारण विचारलं. त्याने चपला काढल्या, कापड खांद्यावरून खाली घेतलं आणि घसा साफ केला.

"मॅडम, काल ही पोरगी माझ्या दारात आली. म्हणाली, काका, मी चुकले, आणि माझ्यासाठी कुणीच येत नाही. मी म्हटलं, पोरी, योग्य दारात आलीस. या गावात माझ्याइतक्या वेळा काढला गेलेला दुसरा माणूस नाही. तर मॅडम, पोर लहान आहे. मोठ्यांचे दोष मोठ्यांच्याच तोंडावर सांगितले. शिकलेली आहे, एवढं चालायचंच. तिला पदरात घ्या."

पाट्यावाल्या पोरी खुदखुदल्या. मलाही हसू आवरत नव्हतं. पण दापा थांबला नाही.

"एक गोष्ट मात्र सांगतो. हिने मला काढलं, पण आधी खुर्ची दिली. तुमचं म्हणणं काय, असं विचारलं. तुम्ही मला इतक्यांदा काढलंत, पण खुर्ची कधी दिली नाहीत."

"आणि दर वेळी परत घेतलं, ते कोण सांगणार?"

"घेतलंत. दर वेळी घेतलंत." तो अजिबात चिडला नव्हता. "पण मॅडम, घरी जाताना दर वेळी वाटायचं, ही खरी असली तर? बायको विचारायची, आजची खरी की रोजची? मला सांगता यायचं नाही."

मी कुमीकडे पाहिलं. तो परातीत बघत होता, पण त्याने मान हलवली. मला इतकी वर्षं वाटत होतं की हा खेळ आहे आणि दोन्ही बाजूंना तो ठाऊक आहे. कुणाला काढलं की त्या रात्री मी गाढ झोपायचे. ते झोपत नव्हते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कालच सांगितलं तर मी सांगणारीलाच हाकललं होतं.

"डुफीने परत यावं," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

डुफी जागची हलली नाही. "मावशी, काकांना बाहेर ठेवून मी आत येणार नाही. त्यांच्यासाठी आलेल्या मास्तरांना मी फाटकातून परत पाठवलं. आणि आज त्यांच्याच जिवावर आत येऊ? ते बाहेर, तर मीही बाहेर."

"अगं, तुझं वर्ष जाईल."

"जाऊ दे."

माझाच शब्द, माझाच सूर. पोरीने शिक्षण कुमासीत घेतलं, पण हट्ट इथूनच नेला होता.

डॉक्टर दापाकडे वळले. "मिस्टर दापा, मग तुम्ही स्वतःबद्दल का बोलत नाही?"

"मी आज पोरीसाठी आलोय, साहेब. त्यात आपलं घोडं दामटलं तर ती रदबदली कसली?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं की दापा, चुकलं माझं, ये. पण इतक्या वर्षांची मालकीण माझ्या जिभेवर ठाण मांडून बसली होती. काढण्याची रीत मला ठाऊक होती, ठेवून घेण्याची ठाऊक होती. ही तिसरी रीत मला कुणी शिकवली नव्हती. मी डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टर, गाव कुठलं तुमचं?"

"जुआबेन."

"आजोबा होते?"

"होते. पंचायतीत बसायचे."

"मग तुम्हाला येत असेल. माझ्या वतीने ओपानिन दापांशी बोला. त्यांना माझ्यासाठी विनंती करा."

मी दापाला ओपानिन म्हणाले, वडीलधारे म्हणाले, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी आधी फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग फाइल पिठाच्या पोत्यावर ठेवली, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट बाजूला ठेवले. एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. कापड नव्हतं, म्हणून त्यांनी कोटच एका खांद्यावरून खाली घेतला. आणि ज्या तोंडातून आतापर्यंत नुसते नियम आणि पद्धती निघत होत्या, त्यातून अशी जुन्या वळणाची बोली निघाली की पाट्यावाल्या पोरी पाट्या खाली ठेवून ऐकायला लागल्या.

"ओपानिन, या बाईंनी मला पुढे केलं आहे. त्या म्हणतात, आधी रागाच्या भरात चुकले, मग शिस्तीच्या भरात चुकले, आणि दोन्ही वेळा भोगलंत तुम्ही. त्या तुमच्यापुढे वाकतात. भट्टी तुमची आहे, तुमच्या जागेवर या. शनिवारी खुशाल ढोल वाजवा. फक्त गुरुवारी सांगून ठेवा."

ते गुरुवारचं मी सांगितलं नव्हतं. डुफीने त्यांना सगळं कळवलेलं असणार, आणि प्राध्यापक माणूस, मोजे घालून रदबदलीला उभा राहिला तरी व्यवस्थापन थोडंच सुटतं.

दापाने सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाला नाही. कापड सावरलं आणि म्हणाला, "म्हातारीला विचारून येतो."

पंच निकालाआधी बाजूला जाऊन विचार करतात, त्याला आमच्याकडे असंच म्हणतात. ती म्हातारी कुणी पाहिलेली नाही, पण तिला विचारल्याशिवाय शहाणा माणूस निकाल देत नाही. दापा एकटाच भट्टीमागे गेला. आणि बसला तिकडे.

कुमीचे हात थांबले. डॉक्टर मोज्यांवर उभे होते, बसावं की नाही ते त्यांना कळेना. डुफी बाटली छातीशी धरून भट्टीकडे बघत होती. तिचं अख्खं वर्ष त्या भिंतीमागे होतं आणि ते तिथे माझ्या तोंडाने नेऊन ठेवलं होतं. मला लवकर ये म्हणून ओरडताही येत नव्हतं. भट्टीमागून विटांवर बोटांनी ठोकल्याचा आवाज येत होता, म्हातारा बहुतेक ढोलाचा ठेका धरून बसला होता. दापा मनापासून रागावला असेल तर? त्याला यायचंच नसेल तर? आपल्याला ठेवतात की काढतात याची वाट बघत मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. ते किती लांबतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी तो आला. घाई नाही, हसू नाही, जळक्या भुवयांखाली तोच चकित चेहरा. मधोमध उभा राहिला आणि आधी डॉक्टरांकडे, मग डुफीकडे आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे बघितलं.

"म्हातारी म्हणते, पोरीचं वर्ष पोरीला द्या. भट्टी मला द्या. आणि मॅडम आहेत तापट, पण आता या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार? राहू द्या त्यांना कामावर."